स्थळ क्रमांक सात

धुळा,

मिरजेच्या दवाखान्यात तू मला शेवटचं जे विचारलंस ते असं होतं : "ती गारगोटी हाय का रं अजून?"

त्यासाठी तू ऑक्सिजनचा मास्क हातानं बाजूला सारला होतास. मी हसलो. म्हटलं, "आहे की, माझ्या कपाटात. आत्ता कुठे दगड आठवतोयस?" तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस. मग म्हणालास, "असू दे. सांभाळ." मास्क परत नाकावर आला आणि तू डोळे मिटलेस. मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली आणि वर्तमानपत्र उघडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी इंदूवहिनींचा फोन आला.

आपल्या त्रैमासिकानं तुझ्यावर लेख मागितला आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, छंद असा एक तक्ताही पाठवला आहे. तो तसाच पडून आहे. तू औंधच्या शाळेत चित्रकला शिकवायचास आणि मी सांगलीत इतिहास, एवढं वाचणाऱ्याला पुरे. बाकीचं मला तुझ्याशीच बोलायचं आहे. याच त्रैमासिकात माझं एक वाक्य छापून आलेलं आहे आणि ते मागे घ्यायला दुसरी जागा नाही.

आठवतं ना, आपण माणगंगेच्या काठानं किती रविवार चाललो? मी एसटीनं यायचो, तू मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा असायचास. पिशवीत भाकरी, लसणाची चटणी आणि चित्रांची वही. आपण अश्मयुगातली नखाएवढी दगडी पाती शोधायचो. मी खाली मान घालून शोधत राहायचो आणि तू चालता चालता वाकून उचलायचास. मी चिडायचो. तू म्हणायचास, "गड्या, माझ्या नावातच धूळ हाय. तिला माझ्यापुढं लपता येत न्हाई." मग ते पातं नखावर ठेवून त्याचं चित्र काढायचास, धारेवरचा प्रत्येक टवका मोजून. काढून झालं की पातं जिथून उचललं तिथंच ठेवायचास. मला ते खोक्यात हवं असायचं. "जागा सुटली की त्यो नुसता खडा," तू म्हणायचास. हा नियम मी वर्गात शिकवायचो आणि नदीवर मोडायचो.

भाकरी खाताना आपला तो एकच वाद निघायचा. माणूस आपल्यासारखा कधी झाला? हाडांनी, कवटीनं तर तो फार पूर्वी आपल्यासारखा होता. पण आपल्यासारखा वागायला कधी लागला? मी माझ्या पुस्तकांच्या बाजूनं बोलायचो. चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वी काहीतरी पेटलं, एकदम मणी आले, चित्रं आली, लांबून आणलेले दगड आले, पुरलेली माणसं आली. पुढे आफ्रिकेतल्या गुहांमधून रेघा ओढलेले गेरूचे तुकडे आणि भोकं पाडलेले शिंपले निघाल्याचं वाचनात आलं, त्या तारखेहून कितीतरी जुने. तेव्हा मी तारीख मागे नेली. 'पेटलं' हा शब्द मात्र सोडला नाही. माझी कसोटी सोपी होती. जे पोटासाठी किंवा जिवासाठी केलेलं नाही, ज्याचा उपयोग दाखवता येत नाही, ते अर्थासाठी केलेलं. तिथून माणूस सुरू.

तुला ही कसोटी पहिल्या दिवसापासून मान्य नव्हती. "माझी आय चुलीला अन् भितीला काव लावायची," तू एकदा म्हणालास, "भित भुरभुरू नये म्हणून. अन् लक्षुमी यावी म्हणून बी. एकाच हातानं, एकाच फडक्यानं. तुझं शास्त्र दोन डबं मागतंय. आता त्या फडक्याचं तुकडं कसं करायचं, सांग."

मी म्हटलं, "पण पुरावा काय उरतो, त्यावरच बोलावं लागतं ना आपल्याला."

तू घास खाली ठेवलास. "माझ्या बापानं सारी हयात मेंढरांमागं काढली. कोकणाच्या हद्दीपर्यंत जायचा. ओव्या पाठ हुत्या त्याला, एक सुरू केली की पहाट व्हायची. त्याचं काय उरलं? तीन दगडांची चूल, ती बी दर मुक्कामाला निराळी. दहा हजार वर्सांनी तुझ्यासारखा कोन तर यील अन् लिहील, हितं चुली हायत, पर अर्थ न्हाई. माझा बाप तुझ्या हिशेबात माणूसच न्हाई की रं."

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. तू हसून माझ्या भाकरीवर चटणी वाढलीस, हे मात्र नक्की आठवतं.

आता सातव्या स्थळाकडे येतो. आजवर हे मी टाळत आलो.

तो तुमच्या भावकीचा माळ होता. त्या दिवशी तू मला नदीकडेच नेत होतास. वर चढायचा हट्ट माझा होता, कारण माळाच्या उतारावर मला दोन पाती दिसली होती. वर काळ्या दगडांची एक लहानशी रास होती, दीड हात लांब, गुडघ्याच्याही खाली. वर वाळलेली बाभळीची फांदी. आणि राशीच्या कडेनं पांढऱ्याशुभ्र गारगोट्या, सहा. पाण्यानं गुळगुळीत झालेल्या. त्या माळावर काळा मुरूम आणि काळाच दगड, अशी गारगोटी नदीखेरीज मिळणार नाही आणि नदी चांगली तासाभराच्या चालीवर. मी गुडघ्यांवर बसलो. पुस्तकात वाचलेलं सगळं माझ्यापुढे मांडून ठेवलेलं होतं. लांबून मुद्दाम आणलेला दगड, रंगाची निवड, मांडणी, आणि भोवती पाती.

"हे जुनं आहे," मी म्हटलं.

तू म्हणालास, "न्हाई, एवढं काय जुनं न्हाई."

"कशावरून?"

तू उत्तर दिलं नाहीस. मी म्हटलं, "काढ चित्र."

आणि तू ते काढलंस. सगळी दुपार लावलीस. टोपीही न घालता त्या उन्हात बसून एकेक दगड काढलास, दगडांवरचं दगडफूल काढलंस, बाभळीच्या फांदीचे काटे काढलेस. मी सावली नसलेल्या त्या माळावर येरझाऱ्या घालत होतो. "अरे, नकाशा हवाय मला, तसबीर नको," असं मी दोनदा म्हणालो. शेवटी तू कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढलास, खाली मोजपट्टी काढलीस आणि पेन्सिल थांबवून विचारलंस, "नाव काय लिहू?"

मी म्हटलं, "नाव कसलं? नुसता नंबर टाक."

तू लिहिलंस : स्थळ क्रमांक सात.

निघताना मी एक गारगोटी खिशात टाकली. नमुना म्हणून. तू ते पाहिलंस. मोटारसायकलवर मी तुझ्या मागे बसून फाट्यापर्यंत बोलत होतो, लेख कसा लिहायचा, सुरुवात कुठून करायची. तू एकदाही मान वळवली नाहीस.

पुढचं सांगलीच्या वाचनालयातलं. माझं व्याख्यान होतं, साठ-सत्तर माणसं होती आणि मला कधी नव्हे ते बोलणं जमत होतं. मी म्हटलं, या सहा गारगोट्यांचा काहीही उपयोग नाही, म्हणूनच त्या बोलतात. तेव्हा तू मागच्या रांगेत उभा राहिलास. नेहमी मला अरे-तुरे करणारा तू त्या दिवशी चारचौघांत 'सर' म्हणालास.

"सर, ते दगड कोल्ह्यांसाठी ठेवलेले हायत. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून."

लोक हसले. मला राग आला, कारण तू मला आधी काही सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, "काळे दगड कोल्ह्यांसाठी, कबूल. पण पांढऱ्या गारगोट्या? औंधच्या मास्तरांकडे कोल्हे रंगसंगती शिकायला येत असावेत."

सभागृह जोरात हसलं. मी आयुष्यात केलेला हा बहुधा एकमेव यशस्वी विनोद. तू म्हणालास, "तसं असंल," आणि खाली बसलास.

मला तिथे चाचणीचा खड्डा घ्यायचा होता. हातभर खोल, फार नाही. तू म्हणालास, "उकरायचं न्हाई." मी कारण विचारलं. तू म्हणालास, "आमच्या भावकीचा माळ हाय, उकरायचं न्हाई, संपलं." मी तुझ्या घरी येऊन बसलो, शास्त्राच्या नावानं बोललो, मैत्रीच्या नावानं बोललो. वहिनी चहा ठेवून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. तू शेवटपर्यंत जमिनीकडे बघत होतास. परत येताना मी मनाशी ठरवून टाकलं की शाळेत शिकवत असलास तरी तू आतून गावातलाच, आणि माझ्या हाती काही मोठं लागतंय हे तुला सहन होत नाही. हे दुसरं मी कधी कुणाजवळ बोललो नाही. आज लिहितोय.

लेख छापून आला तेव्हा त्यात तुझं चित्र होतं, तुझं नाव होतं आणि शेवटच्या परिच्छेदात हे वाक्य होतं : 'स्थानिक अंधश्रद्धेमुळे या स्थळी चाचणी खड्डा घेता आला नाही.'

तू अंक वाचलास. फोन केलास. म्हणालास, "छपाई बरी झालीय चित्राची." नंतर एवढंच विचारलंस, "ती गारगोटी कुठं हाय?" मी सांगितलं, खोक्यात, तुझ्या चित्रासकट.

त्यानंतर अठरा वर्षं आपण मित्र होतो. हे लिहितानाही नवल वाटतं. तू माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारावर गणपती काढलास. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस येऊन मला पेपर वाचून दाखवलास. वाद चालूच होता. आपल्याहून वेगळ्या मानवप्रजातीची ती जुनी माणसं आपले मेलेले पुरायची, की मेलेल्यांवर नुसती माती पडायची, यावर तू मला म्हणालास, "खड्डा कुणी खणला हे तुमी हाडाला इचारताय. खणणाऱ्याच्या हाताला काय झालं, ते कुठं घावणार हाय?" मी म्हटलं, हे शास्त्र नव्हे. तू म्हणालास, नव्हंच. आणि वर्षातून एखादेवेळी, भलतंच काही बोलता बोलता, तू ती गारगोटी आहे का विचारायचास. मी ती तुझी थट्टा समजायचो. माझ्या नावावर तो एकच लेख आहे ज्याची कुणी आठवण काढतं, आणि तू त्याला टोचतोस असं वाटायचं.

राख सावडायला तिसऱ्या दिवशी तुझ्या गावी आलो होतो. निघताना वहिनींनी मला दारात थांबवलं. "भावजी, दहाव्याला येताना ती गारगोटी घिऊन या." मी म्हटलं, "कुठली?" त्या म्हणाल्या, "आवं, तुमाला ठावं हाय कुठली."

दहाव्या दिवशी खोकं तसंच घेऊन आलो. कावळा शिवला, माणसं जेवायला बसली, तेव्हा वहिनींनी पदराखाली एक लहान गाडगं घेतलं आणि मला म्हणाल्या, "चला." तुझी राख थोडी बाजूला काढून ठेवलेली होती. आम्ही दोघेच माळ चढलो. त्या पुढे होत्या. मला वाट आठवत होती आणि कुठे चाललो आहोत ते अर्ध्या वाटेवर कळलं. कशासाठी चाललो आहोत ते तरीही कळलं नाही. इतका मी शिकलेला.

रास होती तशीच होती. थोडी खचलेली, गवत आलेलं. गारगोट्या मात्र सहा नव्हत्या. कडेनं एक फेर पुरा होऊन दुसरा सुरू झाला होता. जुन्या होत्या त्या मातीनं मळल्या होत्या आणि अलीकडच्या पांढऱ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही मोजलं नाही.

"दर साली एक आनायचे," वहिनी म्हणाल्या. "नदीतनं. औंधास्नं गावाकडं आलं की पयलं नदीत उतरायचे. ह्या साली मीच ठेवली."

मी खाली बसलो.

"पोरगी हुती," त्या म्हणाल्या. "अकरा दिसांची. एवढ्या लहानग्याला जाळत न्हाईत, भावजी, पुरत्यात. मामंजी अन् हे, दोघंच आलते. मीठ घातलं अन् दगड रचलं. तवा कोल्ही लय हुती ह्या माळावर. मला काय येऊ दिलं न्हाई. जागा मला लय मागनं दावली त्यांनी."

मी खोकं उघडलं. गारगोटीखाली तुझं चित्र घडी घालून ठेवलेलं होतं. कुठून उचलली होती ते त्यावरून सापडेल असं मला वाटलं. निदान एवढं तरी नीट करावं म्हणून मी कागद राशीशेजारी पसरला. वहिनींनी ते कधी पाहिलं नव्हतं. अंकही तू घरात ठेवला नव्हतास. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. काट्यांवरून बोट फिरवलं. "समदं हाय की," त्या म्हणाल्या. मग कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. स्थळ क्रमांक सात.

"म्हंजी?"

मी म्हटलं, "नाव माहीत नव्हतं, म्हणून नंबर दिला."

"नाव न्हवतंच," वहिनी म्हणाल्या. "बारसं दुसऱ्या दिशी हुतं."

धुळा, तू पेन्सिल थांबवून मला नाव विचारलं होतंस.

मी वहिनींना विचारलं, त्यानं मला का नाही सांगितलं? आणि गारगोटी मागून का घेतली नाही? त्या म्हणाल्या, "मी इचारलं हुतं. म्हनायचे, मागितली तर सांगावं लागंल. सांगितलं तर त्यो आपला ल्याख माघारी घील अन् जलमभर सवताला खात बसंल. एकच तर ल्याख हाय त्याचा. गारगोटी काय, त्याच्या कपाटात बी ऱ्हाईल, म्हनायचे. सांभाळून हाय."

म्हणून इथे लिहितो. याच त्रैमासिकात छापलेल्या माझ्या लेखातलं स्थळ क्रमांक सात हे प्राचीन नाही. ती एका लहान मुलीला पुरल्याची जागा आहे आणि मी पाहिली तेव्हा ती जागा सहा वर्षांची होती. तिथे खड्डा घेता आला नाही याचं कारण अंधश्रद्धा नव्हतं. तिचा बाप माझ्यासोबत होता आणि तो उकरू देत नव्हता. चूक माझी आहे. भोवतालच्या पात्यांना मी किती वेळा विचारलं, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी एकदाच विचारलं आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मला लावता आला नाही. अर्थ शोधणं हाच माझा विषय होता. हे छापू का, असं मी वहिनींना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "छापा. गावाचं नाव तेवढं घालू नका." घातलेलं नाही.

लेख मागे घेऊन तुझं म्हणणं मोडतो आहे. स्वतःला खात बसेन का, ते मला ठाऊक नाही. बहुधा हो.

आणि वाद? त्या दिवशी माळावर एक क्षण मनात आलं की आता मी जिंकलो. दर वर्षी नदीत उतरून एक पांढरा दगड तासभर चालत वर आणणं, याला कुठला उपयोग? हे तर माझ्याच बाजूचं होतं. तू स्वतः माझा पुरावा होतास आणि भर सभेत कोल्ह्यांचं नाव घेऊन तो लपवत होतास. पण जिंकल्याचं सांगायला समोर कुणी नव्हतं. शिवाय कोल्हेही खरेच होते. तू खोटं बोलला नव्हतास.

चित्रावरची जागा काही जुळेना. पावसानं, शेळ्यामेंढ्यांनी दगड इकडचे तिकडे झाले होते. मी कागद फिरवत होतो, उत्तर कुठे ते बघत होतो. वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि हात पुढे केला. "द्या हिकडं." गारगोटी त्यांनी पदरानं पुसली आणि दोन मळक्या गारगोट्यांच्या मधे ठेवून दिली. मग गाडगं कलतं करून तुझी राख दगडांच्या फटींत सोडली. थोडी वाऱ्यानं माझ्या चपलांवर आली. चित्र त्यांनी मागून घेतलं, चार घड्या करून कमरेला खोचलं.

उठताना त्या म्हणाल्या, "भावजी, वर एक मोठा दगड ठिवा. कोल्ही अजून येत्यात."

चोवीस वर्षांनंतर कोल्ह्यांना तिथे काय मिळणार होतं, हे मी विचारलं नाही. उतारावर जाऊन एक काळा दगड शोधला. वाटला त्यापेक्षा जड होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला आणि राशीवर ठेवला.

"नीट बसला का बघा," वहिनी म्हणाल्या.

मी हलवून बघितला. बसला होता.